लाइट गेली की राउटर काय विसरतो?

नागपुरात नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ रणरणते दिवस, लागला की दोन गोष्टी ठरलेल्या. सकाळ-संध्याकाळ कूलरमध्ये पाणी भरायचं, आणि वावधान सुटलं की लाइट जाणार. दहा मिनिटांत लाइट येते, मागोमाग नेटही येतं. पण घरातल्या कोणत्या फोननं महिन्याभरात किती डेटा ओढला, हा माझ्या राउटरमधला हिशेब मात्र शून्यावर आलेला असतो.

यात बिघाड काही नाही. राउटर घडवलाच तसा आहे.

माझ्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी चालतं, म्हणजे लिनक्स या संगणकप्रणालीचंच एक आटोपशीर रूप. २००४ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला तेव्हा ज्या लिंक्सिस राउटरवर तो बेतला होता, त्याच्या जुन्या मॉडेलांत कायमची साठवण, म्हणजे फ्लॅश, होती ४ एमबी आणि रॅम १६ एमबी. आज फोनमधला एक फोटो त्या ४ एमबीत जेमतेम मावेल. म्हणून रोज बदलणारं सगळं, म्हणजे नोंदी, कोणत्या उपकरणाला कोणता पत्ता दिला, किती डेटा गेला, हे टीएमपी नावाच्या फोल्डरमध्ये जातं. दिसायला ते फोल्डर, पण असतं रॅममध्ये. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे इवल्याशा कपॅसिटरमधला विद्युतभार. तो सतत गळतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरून घ्यावा लागतो. लाइट गेली की भरणारा गेला.

मग सगळं फ्लॅशवरच का लिहीत नाहीत? फ्लॅशची तऱ्हा अंगणासारखी आहे. कोऱ्या फ्लॅशमध्ये सगळे १ असतात. लिहिताना १ चा ० करता येतो, पण ० चा पुन्हा १ करायचा तर अख्खा ठोकळा, बहुतेकदा ६४ केबीचा, पुसावा लागतो. रांगोळीतला एक ठिपका चुकला म्हणून सगळं अंगण सारवायचं! आणि हे सारवणही एक ठोकळा साधारण लाखभर वेळाच सोसतो. दर मिनिटाला एकाच जागी लिहिलं तर दिवसाला १४४० वेळा पुसणं आलं. नवतपात सुरुवात केली तर पोळ्याच्या आत लाख भरतात. तेच तासाला एकदा केलं, तर अकरा वर्षं जातात.

प्रत्यक्षात हाल इतके होत नाहीत. राउटरमधली जेएफएफएस२ ही फाइलव्यवस्था इतवारीतल्या जुन्या दुकानदाराच्या किर्दीसारखी चालते. जुना आकडा खोडायचा नाही, पुढच्या कोऱ्या ओळीवर नवा लिहायचा. पानं संपत आली की कामाच्या तेवढ्या नोंदी उतरवून घ्यायच्या आणि जुनी पानं पुसायची. झीज अशी सगळीकडे वाटली जाते. फक्त ही वहीच मुळात चार पानांची आहे, हे विसरायचं नाही.

मी आधी शहाणपणा केला होता. राउटर बंद होताना हिशेबाची फाइल फ्लॅशवर जाईल आणि सुरू होताना परत येईल, अशी स्क्रिप्ट लिहिली. रीबूटचं बटण दाबून चार वेळा तपासली, झकास चालली. लाइट मात्र विचारून जात नाही. स्क्रिप्टला वेळच मिळाला नाही. मग क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी कामं उरकणाऱ्या प्रोग्रामला, सांगून तासातासानं प्रत घ्यायला लागलो. आधी नव्या नावानं पूर्ण लिहायचं, मग तिला जुन्या फाइलचं नाव द्यायचं. मध्येच लाइट गेली तरी जुनी प्रत शाबूत राहते.

तरी एक गोची उरलीच, घड्याळाची. अशा बहुतेक राउटरांत घड्याळासाठी बॅटरी नसते. सुरू होताना ओपनडब्ल्यूआरटी ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधल्या सगळ्यात ताज्या फाइलची तारीख बघतं आणि तीच आजची धरतं. खरी वेळ नेट आल्यावर कळते. तोवर हिशेब ठेवणारा प्रोग्राम सुरू झाला, तर त्याच्या लेखी काल उद्यानंतर उगवलेला असतो आणि तो नोंद घ्यायला नकार देतो. म्हणून आता आधी फाइल परत आणायची, मग घड्याळ जुळायची वाट बघायची, आणि मगच त्या प्रोग्रामला उठवायचं.

परवा पावणेचारला लाइट गेली. आल्यावर आईनं विचारलं, "आलं का रे नेट?"

"नेट आलं. हिशेब तीनपर्यंतचा आला."

"मग मधल्या पाऊण तासात बघितलेलं कोणाच्या खात्यावर?"

तिचा फोन तिच्याच हातात होता.