देशात आणि परदेशात बँकेतून पैसे पाठवणे: पात्रता, कागदपत्रे आणि प्रत्यक्ष खर्च

भारतात राहणाऱ्या वैयक्तिक खातेदाराने देशातल्या देशात पैसे पाठवताना बँक त्याची ओळख, खात्यातील शिल्लक आणि समोरच्या खात्याचा तपशील एवढेच पाहते. परदेशात पैसे पाठवताना मात्र १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा, लागू होतो आणि पैसे कोणाला व कशासाठी जात आहेत हे खातेदाराला स्वतःच्या सहीने जाहीर करावे लागते. बहुतेक अडचणी या दुसऱ्या प्रकारात येतात, म्हणून येथे पहिल्या प्रकाराची आवश्यक तेवढी माहिती देऊन दुसऱ्यावर अधिक लिहिले आहे.

देशांतर्गत व्यवहारासाठी एनईएफटी, आरटीजीएस आणि आयएमपीएस हे तीन प्रमुख मार्ग आहेत. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून वर्षभर, चोवीस तास चालते. एनईएफटीचे व्यवहार दर अर्ध्या तासाने एकत्रितपणे पुढे जातात, तर आरटीजीएसमधील प्रत्येक व्यवहार स्वतंत्रपणे आणि लगेच पूर्ण होतो. त्यासाठी किमान रक्कम २ लाख रुपये असावी लागते. आयएमपीएसने एका वेळी ५ लाख रुपयांपर्यंत रक्कम पाठवता येते. बचत खात्यातून इंटरनेट किंवा मोबाइल बँकिंगद्वारे केलेल्या एनईएफटीला शुल्क नाही. शाखेत जाऊन चलन भरल्यास मात्र थोडे शुल्क पडते. खाते नसलेल्या व्यक्तीलाही शाखेत रोख भरून ५०,००० रुपयांपर्यंत एनईएफटी करता येते.

लाभार्थीचे नाव, खाते क्रमांक आणि अकरा अक्षरी आयएफएससी हा तपशील पासबुकावरून किंवा रद्द केलेल्या धनादेशावरून घ्यावा, फोनवर ऐकून लिहू नये. रक्कम खाते क्रमांकावर जमा होते, नावावर नाही, हे अनेकांना पैसे भलत्याच खात्यात गेल्यावर कळते, आणि तेव्हा त्या खातेदाराच्या संमतीशिवाय बँक ती रक्कम सहसा परत आणू शकत नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये पैसे पाठवण्याआधी लाभार्थीचे बँकेतील नाव पाहण्याची सोय विनाशुल्क उपलब्ध आहे. ती प्रत्येक नव्या लाभार्थीच्या वेळी वापरावी. नवा लाभार्थी जोडल्यावर बहुतेक बँका सुरुवातीचा काही काळ रकमेवर मर्यादा ठेवतात, त्यामुळे घराच्या व्यवहारासारखी मोठी रक्कम ठरल्या दिवशी द्यायची असेल तर नोंदणी आदल्या दिवशीच करून ठेवणे चांगले.

परदेशात पैसे पाठवण्यासाठी रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना आहे. बँकेत तिला एलआरएस म्हणतात. २००४ मध्ये २५,००० डॉलरच्या मर्यादेने सुरू झालेल्या या योजनेत आज प्रत्येक निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. अज्ञान मुलांनाही ही मर्यादा स्वतंत्रपणे मिळते, मात्र अर्जावर पालकाची सही लागते. कंपनी, भागीदारी संस्था, हिंदू अविभक्त कुटुंब किंवा न्यास यांना ही योजना लागू नाही. शिक्षण, उपचार, प्रवास, नातेवाइकांचा निर्वाह, भेट आणि परदेशी गुंतवणूक ही कारणे मान्य आहेत. लॉटरी किंवा परदेशातील मार्जिन ट्रेडिंग (उधारीच्या पैशावर केलेले शेअर-चलनाचे व्यवहार) यांसाठी पैसे पाठवता येत नाहीत. शिक्षण किंवा उपचाराचा खर्च मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर विद्यापीठाच्या किंवा रुग्णालयाच्या लेखी अंदाजपत्रकाच्या आधारे बँक अधिक रक्कम पाठवू शकते.

येथे एका नियमाकडे पालकांचे हमखास दुर्लक्ष होते. शिक्षणासाठी परदेशात गेलेला विद्यार्थी फेमानुसार अनिवासी मानला जातो. त्याचे भारतातील बचत खाते एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासी व्यक्तीच्या भारतातील रुपया खात्यात, बदलून घ्यावे लागते आणि त्या खात्यातून एलआरएसखाली पैसे पाठवता येत नाहीत. म्हणून दुसऱ्या सत्राची फी पालकांनी आपल्या खात्यातून पाठवावी, किंवा एनआरओ खात्यासाठी असलेली वेगळी प्रक्रिया पाळावी.

अर्जासोबत पॅन अनिवार्य आहे. त्याशिवाय ए-२ अर्ज (परकीय चलन घेऊन बाहेर पाठवण्याचा अर्ज) आणि एलआरएसचे घोषणापत्र भरावे लागते. शिक्षणासाठी प्रवेशपत्र, फीची मागणी, विद्यार्थ्याचा पासपोर्ट व व्हिसा आणि पालकाशी नाते दाखवणारा कागद बँका साधारणपणे मागतात. ए-२ वरील हेतू संकेतांक विचारपूर्वक निवडावा: परदेशातील शिक्षणासाठी एस०३०५, कुटुंबाच्या निर्वाहासाठी एस१३०१ आणि वैयक्तिक भेटीसाठी एस१३०२. पैसे पाठवतानाच बँक जो आयकर वसूल करते त्या टीसीएसचा दर या संकेतांकावर अवलंबून असतो आणि घोषणेची जबाबदारी सही करणाऱ्याची असते. म्हणून कोरा अर्ज सही करून एजंटाच्या हाती देऊ नये.

लाभार्थी बँकेचा स्विफ्ट कोड, म्हणजे बँकेची आंतरराष्ट्रीय ओळख, आठ किंवा अकरा अक्षरांचा असतो. युरोप आणि ब्रिटनसाठी आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक), अमेरिकेसाठी नऊ अंकी राउटिंग क्रमांक, तर ऑस्ट्रेलियासाठी सहा अंकी बीएसबी क्रमांक लागतो. फी पाठवताना विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक संदेशाच्या रकान्यात लिहिलाच पाहिजे, नाहीतर पैसे पोचूनही विद्यापीठात फी थकीत दिसते.

खर्चाचा अंदाज एका उदाहरणावरून येईल. समजा, इंग्लंडमधील विद्यापीठाची फी १५,००० पौंड आहे आणि बँकेच्या १२० रुपये दराने ती १८ लाख रुपये होते. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नियमांनुसार १० लाखांपर्यंत टीसीएस नाही. त्यापुढील ८ लाखांवर शिक्षणासाठी ५ टक्के, म्हणजे ४०,००० रुपये द्यावे लागत होते. इतर बहुतेक कारणांसाठी हाच दर २० टक्के आहे. फी मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून जात असेल तर टीसीएस लागत नाही. १० लाखांची मर्यादा प्रत्येक पॅनसाठी आणि सर्व बँका मिळून मोजली जाते, त्यामुळे आई आणि वडील यांनी आपापल्या पैशातून ९-९ लाख पाठवले तर टीसीएस आकारला जात नाही. हे दर अर्थसंकल्पात बदलत असल्याने चालू वर्षाचा दर आधी विचारावा. टीसीएस विवरणपत्रात आयकराच्या रकमेतून वजा होतो किंवा परत मिळतो, तरी तेवढे पैसे आधी हाताशी असावे लागतात.

चलन बदलण्यावरील जीएसटी याच रकमेवर १,१३४ रुपये होतो. खरा फरक विनिमय दरात असतो: एका पौंडामागे १ रुपया जास्त मोजला तर १५,००० रुपये अधिक जातात. म्हणून फक्त शुल्क न विचारता दोन-तीन बँकांचा त्याच दिवसाचा, त्याच वेळेचा विक्री दर विचारावा. मधल्या बँकांचे शुल्क कोण सोसणार हेही अर्जात ठरते. ‘ओयूआर’ निवडल्यास ते पाठवणाऱ्याकडे येते आणि फी पूर्ण पोचण्याची शक्यता वाढते. ‘एसएचए’मध्ये शुल्क दोघांत विभागले जाते, त्यामुळे वाटेत रक्कम कापली जाऊ शकते.

व्यवहार झाल्यावर देशांतर्गत हस्तांतरणाचा यूटीआर क्रमांक (व्यवहाराचा संदर्भ क्रमांक) आणि परदेशी हस्तांतरणाच्या स्विफ्ट संदेशाची प्रत जपून ठेवावी. एनईएफटीची रक्कम जमा करण्यास किंवा परत करण्यास उशीर झाल्यास बँकेने रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) अधिक २ टक्के दराने व्याज द्यायचे असते. तक्रार प्रथम बँकेकडे लेखी करावी आणि ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागावी.