पार्श्वभूमी : खुनी बाईसाठी रडावं का? १९५६चा ‘यील्ड टू द नाइट’ आणि त्याचे प्रेक्षक

जुन्या ब्रिटिश चित्रपटांतल्या दुःखी, बिथरलेल्या बायकांचा विषय निघाला की आधी ‘ब्रीफ एन्काउंटर’चंच (१९४५) नाव येतं. विवाहित बाईच्या अधुऱ्या प्रेमाची ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती इथे सांगत नाही. त्याच्या पहिल्या चाचणी खेळाची हकिगत मात्र सांगायला हवी. केंटमधल्या रॉचेस्टर गावात तो खेळ झाला. पहिल्याच प्रेमप्रसंगाला पुढच्या रांगेतली एक बाई हसली आणि मग सगळं थिएटर हसत सुटलं. ही आठवण पुढे दिग्दर्शकानंच सांगितलेली आहे. ज्या चित्रपटाच्या नावानं आज रुमाल निघतात, त्याचे पहिले प्रेक्षक खिदळत होते.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात आटपतो. ‘ईस्ट लिन’ (१८६१) या कादंबरीच्या नाट्यरूपांनी घर सोडून गेलेल्या आईसाठी दोन पिढ्या रडवल्या होत्या. तिथला ठोकताळा असा, की बाई चुकली तर तिनं मरावं, आणि मरताना प्रेक्षकांनी तिला माफ करावं. मूकपटांनी तो ठोकताळा तसाच उचलला.

युद्ध संपता संपता तो जरा हलला. ‘द सेव्हन्थ व्हेल’मधली (१९४५) पियानोवादक तरुणी आत्महत्येचा प्रयत्न करते आणि मनोविकारतज्ज्ञ तिच्या मनावरचे पडदे एकेक करून उतरवतो. एका अंदाजानुसार ब्रिटनमध्ये त्याची सुमारे १ कोटी ७९ लाख तिकिटं खपली. त्याच साली ‘द विकेड लेडी’तली रात्री घोड्यावर बसून वाटमारी करणारी उमरावपत्नी त्याहूनही थोडी जास्त चालली. समीक्षकांनी मात्र असल्या चित्रपटांना ‘मेलोड्रामा’, म्हणजे भावना भडक रंगवणारं नाट्य, म्हणून मोडीत काढलं आणि ‘ब्रीफ एन्काउंटर’च्या संयमाची पाठ थोपटली. मेलोड्रामा हा शब्द तेव्हा जवळजवळ शिवीसारखाच वापरला जाई. चाळीसेक वर्षांनी स्त्रीवादी अभ्यासकांनी तोच शब्द गौरवानं वापरायला घेतला. त्यामुळे कोणी जुन्या लेखातलं वाक्य उचललं, तर ते कोणत्या दशकातलं आहे हे आधी बघावं.

१९५० साली लोकजीवनाच्या नोंदी ठेवणाऱ्या एका संस्थेनं आपल्या स्वयंसेवकांना विचारलं होतं, सिनेमात तुम्ही कधी रडता का? कोणत्या चित्रपटात, कुठल्या जागी? आणि त्याची लाज वाटते का? मला यातला शेवटचा प्रश्न सगळ्यांत बोलका वाटतो. रडू येणार हे विचारणाऱ्यानं धरूनच चाललेलं आहे.

‘यील्ड टू द नाइट’ (१९५६) येतो तो या लाजेच्या मुलखात. आणि इथेच एक गुंता आहे, जो आजही सुटलेला नाही.

१० एप्रिल १९५५ला, ईस्टरच्या रविवारी, उत्तर लंडनमधल्या एका पबबाहेर २८ वर्षांच्या, दोन मुलांच्या आईनं आपल्या प्रियकराला गोळ्या घातल्या. ती एका नाइटक्लबची व्यवस्थापक होती. मारायचाच हेतू होता, हे तिनं कोर्टात सरळ सांगितलं. ज्युरीला अर्धा तासही लागला नाही. दयेच्या अर्जावर हजारो सह्या झाल्या, तो फेटाळला गेला आणि १३ जुलैला हॉलोवे तुरुंगात तिला फाशी दिली गेली. ब्रिटनमध्ये फाशी गेलेली ती शेवटची बाई.

वर्षभरानं पडद्यावर सोनेरी केसांची एक तरुणी भर रस्त्यात गोळ्या झाडते आणि पुढचा जवळजवळ सगळा चित्रपट फाशीच्या कोठडीत घडतो. ही ‘तिचीच’ गोष्ट, असं लोकांनी धरलं यात नवल नाही. पण चित्रपटाची मूळ कादंबरी १९५४ची, म्हणजे त्या खुनाच्या आधीची. लेखिका स्वतः हॉलोवेमध्ये शिक्षा भोगून आलेली. कोठडीतला रात्रंदिवस जळणारा दिवा, पाळीपाळीनं सोबत बसणाऱ्या वॉर्डर बायका, वेळ काढायला मांडलेले खेळ या सगळ्याला तुरुंग आतून पाहिल्याचा वास आहे. योगायोग एवढ्यावर थांबत नाही. नायिकेचं काम करणारी नटी आणि फाशी गेलेली ती बाई, दोघी १९५१च्या एका विनोदी चित्रपटात होत्या. दुसरीचं काम इतकं किरकोळ, की श्रेयनामावलीतही नाव नव्हतं.

खरा वाद आहे तो कथेतल्या निवडीबद्दल. प्रत्यक्षातल्या बाईनं मारहाण करणाऱ्या प्रियकराला मारलं होतं. चित्रपटातली नायिका मारते ती दुसऱ्या बाईला, जिच्या नादी लागून तिच्या प्रियकरानं जीव दिला. मारहाण नाही, भ्रम नाही, पोलिसांची चूक नाही. थंड डोक्यानं केलेला खून. फाशीविरोधी चित्रपटात निरपराध माणूस दाखवला की काम सोपं होतं, प्रेक्षक आपोआप बाजूनं येतो. इथे दिग्दर्शक स्वतः फाशीचा विरोधक, आणि त्यानं सोपी वाट मुद्दाम टाळली. हिच्यासाठी रडायचं तर ती निर्दोष आहे म्हणून रडता येत नाही. ती माणूस आहे आणि तिच्या मरणाची वेळ घड्याळात ठरलेली आहे, एवढ्यावरच रडावं लागतं.

या निवडीनं चित्रपट कोरडा झाला, असं म्हणणारे तेव्हा होते आणि आजही आहेत. मला ते पटत नाही. ग्लॅमरसाठी मिरवलेल्या नटीचा रंग उतरलेला, झोप उडालेला चेहरा इतक्या जवळून दिसतो की प्रेक्षकाला नजर ठेवायला दुसरी जागाच उरत नाही. ‘कोरडा’ म्हणणाऱ्यांना बहुधा ‘सेव्हन्थ व्हेल’सारखा एखादा डॉक्टर हवा असावा, हिचं असं का झालं ते समजावून सांगणारा. अमेरिकेत तर तो ‘ब्लाँड सिनर’ या नावानं विकला गेला. असल्या नावाच्या जाहिरातीला भुलून आत गेलेल्यांच्या पदरी काय पडलं असेल, कोण जाणे.

सेन्सॉरनं त्याला ‘एक्स’ प्रमाणपत्र दिलं, म्हणजे सोळा वर्षांखालच्यांना बंदी. वेळही विलक्षण साधली गेली. फेब्रुवारी १९५६मध्ये कनिष्ठ सभागृहानं फाशी रद्द करण्याच्या बाजूनं मत दिलं होतं. जूनमध्ये चित्रपट लागला. जुलैमध्ये उमरावांच्या सभागृहानं विधेयक फेटाळलं. १९५७च्या कायद्यानं काही खुनांपुरतीच फाशी ठेवली आणि ‘घटलेली जबाबदारी’ हा बचाव इंग्लंडच्या कायद्यात आणला. म्हणजे मनाची अवस्था बिघडलेली असेल, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा. या कायद्याचं श्रेय चित्रपटाला देण्याची पद्धत आहे. ते ताणलेलं वाटतं, लोकमत आधीच तापलेलं होतं.

पुढे ‘रिपल्शन’मध्ये (१९६५) प्रेक्षकाला लंडनच्या फ्लॅटमध्ये एकट्या पडलेल्या तरुणीच्या भ्रमातच कोंडलं गेलं. तिथे रडू येत नाही, भीती वाटते. सेन्सॉरनं एका मनोविकारतज्ज्ञाचा सल्ला घेऊन तो मंजूर केला. त्याच साली खुनासाठीची फाशी स्थगित झाली.

फाशी गेलेल्या बाईवर थेट चित्रपट यायला १९८५ उजाडलं. ‘डान्स विथ अ स्ट्रेंजर’मध्ये मारहाण आहे, मत्सर आहे, ‘यील्ड टू द नाइट’नं गाळलेली सगळी कारणं आहेत. २००३मध्ये तिच्या कुटुंबीयांच्या वतीनं खुनाचा ठपका सदोष मनुष्यवधावर आणावा म्हणून अपील झालं. न्यायाधीशांनी ते फेटाळलं. १९५७चा बचाव १९५५च्या खटल्याला लावता येत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.