'बेरा' झाली म्हणजे नेमकं काय झालं?

बाळाला ऐकू येतं का हे पाहायच्या दोन तपासण्या आहेत, ओएई आणि बेरा. निरोगी कान आवाज घेतो, तसाच अगदी मंद आवाज बाहेरही सोडतो, हे १९७८ साली मोजून दाखवलं गेलं. ओएई (कानातून परत येणारा आवाज टिपणारी तपासणी) त्यावरच उभी आहे. बेरा त्याआधीची, १९७०च्या सुमाराची: आवाजाचा संदेश नसेवाटे मेंदूकडे पोचतो का, हे ती इलेक्ट्रोड लावून पाहते. भारतात बहिरेपणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये सुरू झाला. २०१३ पासून मुलांच्या सरकारी तपासणीतही जन्मजात बहिरेपण आलं.

खरा घोळ 'बेरा' या शब्दाचा आहे. एकाच नावानं दोन वेगळ्या तपासण्या चालतात. चाळणीच्या, म्हणजे प्राथमिक छाननीच्या (स्क्रीनिंग) बेरात साधारण ३५ डेसिबलचे क्लिक वाजतात आणि यंत्र स्वतःच 'पास' किंवा 'रेफर' (म्हणजे पुढे तपासा) सांगतं. निदानाच्या बेरात बाळ गाढ झोपलेलं लागतं. आवाज पायरीपायरीनं उतरवत इलेक्ट्रोडनं टिपलेल्या आलेखातली पाचवी लहर कुठवर दिसते, हे ऑडिऑलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) प्रत्येक कानासाठी पाहतो. बाळाच्या फाइलवर नुसतं 'बेरा झाली' असेल तर आईवडील निदान झालं असं धरून चालतात. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार हे वेळापत्रक तिथेच कोलमडतं. 'रेफर' म्हणजे बहिरं नव्हे. जन्मानंतर पहिल्या २४ तासांत कानात चिकट थर असतो, तेवढ्यानंही रेफर येतं. पण फेरतपासणी टाळून चालत नाही.

२०१७ साली तीन इलेक्ट्रोडचं, बॅटरीवर चालणारं भारतीय यंत्र आलं. ते चाळणीचंच. २०२२ मध्ये साध्या इअरफोनवर ओएई करून दाखवण्यात आली. या तपासणीत कानात एकाच वेळी दोन सूर वाजवतात, आणि तिथे त्यांच्यासाठी दोन वेगळे स्पीकर लागले. ३२८० आणि ४००० हर्ट्झ वाजवले की कानाचं उत्तर २५६०ला येतं, आणि एकाच स्वस्त स्पीकरमधून दोन्ही सूर काढले तर स्पीकरची स्वतःची विकृतीही (आवाजाची मोडतोड) नेमकी तिथेच पडते. मग न ऐकणारा कानही पास होतो.

ही स्वस्ताई हवीच आहे. पण तीव्र कावीळ झालेल्या किंवा एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राहिलेल्या बाळाला नुसत्या ओएईवर घरी पाठवू नये. कॉक्लिया (आतल्या कानाचा ऐकण्याचा भाग) उत्तर देते आणि नस संदेश नेत नाही, असं या बाळांत होऊ शकतं. ते बेरातच कळतं. आणि फाइलवर पूर्ण लिहावं: 'चाळणी बेरा, ३५ डेसिबल, उजवा पास, डावा रेफर, फेरतपासणीची तारीख'.