ठकठक आवाजाचे निदान (जुनी मॅन्युअल गिअरची मोटार)

इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, शाफ्ट किंवा सस्पेन्शन यांपैकी एखादा भाग झिजला वा सैल झाला की जुनी मोटार ठकठक वाजू लागते. हा आवाज पत्र्यातून आणि चासीतून पसरतो, त्यामुळे कानाला जिथून येतो असे वाटते तिथे दोष असेलच असे नाही. जागा शोधण्याआधी ताल ओळखावा. ठोके इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढतात, चाकांच्या वेगाबरोबर वाढतात, की फक्त झटका बसल्यावर येतात? मॅन्युअल गाडीत हे क्लचच्या पेडलवरूनच बरेचसे कळते, एकही नट खोलावा लागत नाही.

इंजिन गरम करून गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये आयडलिंगला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) ठेवावी. पेडल मोकळे असताना आवाज येतो आणि पूर्ण दाबल्यावर थांबतो, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून फिरकी आत आणणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर जातो; पेडल वर असताना हा शाफ्ट न्यूट्रलमध्येही फिरतच असतो. पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर बहुधा रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे) गेलेले असते. पेडलने काहीच फरक पडला नाही तर दोष इंजिनाकडे. इथे एक फसगत होते: क्रँकशाफ्टचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) थ्रस्ट वॉशर, म्हणजे त्याला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्या, झिजले असतील तर पेडल दाबताच शाफ्ट पुढे सरकतो आणि इंजिनाचा आवाजही बदलतो. दुसऱ्याला पेडल दाबायला सांगून इंजिन बंद असताना क्रँकची पुली पाहावी. ती डोळ्यांना दिसेल इतकी पुढे-मागे सरकत असेल तर गिअरबॉक्स उतरवून उपयोग नाही.

इंजिनाच्या आवाजांत टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) टकटक हलकी असते, वरून येते आणि क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच पडते. कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा ठोका जड असतो, खालून येतो, इंजिन गरम होऊन ऑइल पातळ झाले की वाढतो. जुन्या पेट्रोल इंजिनात एकेका सिलिंडरची ठिणगी बंद करून पाहतात (वायर अर्थ करून, हातात धरून नव्हे). ज्या सिलिंडरला ठोका मंदावतो, त्याचाच रॉड संशयित. थंड इंजिनात वाजून गरम झाल्यावर शमणारा आवाज बहुतेक वेळा पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटल्याचा असतो. मात्र सैल क्रँक पुली किंवा फ्लायव्हीलचे ढिले बोल्ट रॉडच्या ठोक्याची हुबेहूब नक्कल करतात. ऑइल चेंबर खोलण्याआधी हे दोन्ही तपासलेच पाहिजेत. कित्येक धड इंजिने या एका चुकीमुळे विनाकारण उघडली जातात.

चालत्या गाडीची चाचणी मोकळ्या सपाट रस्त्यावर, ताशी ४० किमीच्या आसपास घ्यावी. इंजिन चालूच ठेवून क्लच दाबावा. इंजिन आयडलिंगला उतरले तरी ठोक्यांचा ताल तोच राहिला, तर दोष चाके किंवा शाफ्टकडे. पहिल्यांदा चाकांचे नट आवळून पाहावेत. एकाच गिअरमध्ये ठोका पडत असेल तर त्या गिअरचा दात तुटला असण्याची शक्यता मोठी. मागच्या चाकांवर चालणाऱ्या, चौथा गिअर थेट (फिरकी सरळ पुढे देणारा) असलेल्या गाडीत त्या गिअरला आवाज जवळजवळ नाहीसा होत असेल तर लेशाफ्टचे (गिअरबॉक्सातील समांतर दांड्याचे) बेअरिंग पाहावे, कारण चौथ्यात त्यावर भार नसतो. गिअर ऑइल काढून ड्रेन प्लगचे चुंबक बघावे: काळसर मऊ लेप चालतो, बोटाला टोचणारे तुकडे चालत नाहीत.

क्लच सोडताना किंवा अ‍ॅक्सिलरेटर दाबता-सोडताना एकच धडका बसतो, तेव्हा इंजिन माउंटिंग, प्रॉपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडे फिरकी नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस किंवा आतला सीव्ही जॉइंट (चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचा वळणारा सांधा) तपासतात. पूर्ण वळणावर कटकट होते ती बाहेरच्या सीव्ही जॉइंटची. खड्ड्यातच वाजणारा आवाज सस्पेन्शनच्या बुशचा, लिंकचा वा बॉल जॉइंटचा.

यांपैकी रॉड बेअरिंगची खात्री पटली तर गाडी टो करूनच न्यावी. तशीच चालवल्यास रॉड तुटून ब्लॉक फोडू शकतो.