सकाळी आंबट, संध्याकाळी कडवट

पानफुटी बहुतेकांच्या ओळखीची. एखादं पान ओल्या मातीवर नुसतं टाकून ठेवलं तरी त्याच्या कडेच्या खाचांतून इवली रोपं डोकं काढतात, म्हणून हे नाव. ती मूळची मादागास्करची, पण आपल्या कुंड्यांत अशी रुळलीय की कुणाला परकी वाटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासकडच्या मुलखात बेंजामिन हेन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ नोकरीला होता. त्याने पानफुटीचं पान दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चाखून पाहिलं. सकाळी ते आंबट लागलं, दुपारी बेचव आणि संध्याकाळकडे कडवट. लंडनच्या लिनियन सोसायटीला त्याने पत्राने हे कळवलं आणि १८१५ साली ते छापून आलं. हा प्रयोग घरी मात्र करू नका. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात आणि ती जास्त खाऊन गुरं दगावल्याची उदाहरणं आहेत.

निवडुंग वाळवंटात कसा तगतो, याचं अर्धंअधिक उत्तर हेनच्या जिभेला लागलेल्या त्या आंबट चवीत आहे.

झाडाला अन्न तयार करायला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो. तो आत घ्यायचा तर पानांवरची बारीक छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, उघडावी लागतात. पण वायू आत येतो त्याच दारातून पाण्याची वाफ बाहेर जाते. गव्हा-तांदळासारखी नेहमीची झाडं एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवताना साधारण ४०० ते ५०० ग्रॅम पाणी गमावतात. पावसाच्या प्रदेशात हा सौदा परवडतो. वाळवंटात भर दुपारी दारं उघडी ठेवणारं झाड काही दिवसांत वाळून जाईल.

म्हणून निवडुंग दारं रात्री उघडतो. हवा गार झालेली असते, तिच्यात थोडा ओलावाही असतो, त्यामुळे पाणी कमी उडतं. पण रात्री ऊन नसल्याने साखर बनवता येत नाही. मग आत आलेला कार्बन डायऑक्साइड तो मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींच्या आतल्या पोकळ्यांत साठवून ठेवतो. कच्च्या सफरचंदाला आंबटपणा देतं तेच हे आम्ल. पहाटेपर्यंत साठा भरतो. सूर्य वर आला की दारं बंद होतात, आम्लातून कार्बन डायऑक्साइड पुन्हा सुटा होतो आणि बंद दाराआड उन्हाच्या जोरावर साखर तयार होते. दुपारपर्यंत आम्ल संपतं, चव जाते. या पद्धतीत एका ग्रॅममागे पाणी जातं फक्त ५० ते १०० ग्रॅम. पानफुटीच्या कुळाचं नाव क्रॅसुलेसी, त्यावरून शास्त्रज्ञ या युक्तीला क्रॅसुलेशियन आम्ल चयापचय म्हणतात. कोरफड आणि अननसही हेच करतात.

याची किंमत मात्र मोजावी लागते. रात्रभरात जेवढं आम्ल साठेल तेवढीच दुसऱ्या दिवसाची कमाई, त्यामुळे वाढ अतिशय संथ. अमेरिकेतलं अ‍ॅरिझोना आणि मेक्सिकोतलं सोनोरा यांच्यात पसरलेल्या सोनोरन वाळवंटात सवारो नावाचा निवडुंग उगवतो. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसासारखा दिसणारा, चित्रांतून सगळ्यांनी पाहिलेला. दहा वर्षांचं सवारोचं रोप जेमतेम अंगठ्याच्या पेराएवढं असतं. ते बहुधा पालो वर्दे किंवा मेस्किटच्या झाडाखाली, त्या सावलीच्या आसऱ्याने जगलेलं असतं; उघड्यावर पडलेल्या बिया क्वचितच टिकतात. पहिलं फूल साधारण पस्तिसाव्या वर्षी. फांदी फुटायला ५० ते ७० वर्षं, कोरड्या भागात त्याहूनही जास्त.

त्याचं खोड जवळून पाहिलं तर वरपासून खालपर्यंत उभ्या चुण्या दिसतात, बाजाच्या पेटीच्या भात्यासारख्या. पाऊस पडला की भाता उघडतो आणि खोड फुगतं. कोरड्या महिन्यांत तो पुन्हा मिटत जातो. बहुतेक मुळं जमिनीत वीतभरसुद्धा खोल जात नाहीत, पण झाडाच्या उंचीइतकी लांब पसरतात, म्हणजे पडलेली सर मातीत मुरायच्या आत टिपता येते. फुलंही रात्री उमलतात आणि वटवाघळं त्यांच्यावर येतात. तिथले मूळ रहिवासी तोहोनो ओओधाम लोक मेलेल्या सवारोच्या खोडातल्या लांब काठ्यांची आकडी करून उन्हाळ्यात त्याची लाल फळं काढतात.

सगळीच वाळवंटी झाडं रात्रीच्या भरवशावर नसतात. थरच्या वाळवंटातली खेजडी, म्हणजे आपली शमी किंवा सौंदड, दिवसाच श्वास घेते. तिचा भरवसा खोल मुळांवर. म्हणून ऐन उन्हाळ्यात, बाकी रान करपलेलं असताना, तिला नवी पालवी फुटते आणि सांगरीच्या शेंगा लागतात. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात बिश्नोई पंथाच्या ३६३ माणसांनी ज्या झाडाची तोड रोखताना जीव दिला ते हेच. चार महिने चारा, भाजी आणि सावली देणारं दुसरं झाड आसपास नसलं की त्याची किंमत काय असते, हे त्या लोकांना नेमकं ठाऊक होतं.

आणखी एक जमात आहे, जी दुष्काळ बी होऊन काढते. काही वाळवंटी रानफुलांच्या बियांच्या सालीत उगवण रोखणारी द्रव्यं असतात. शिंतोड्यांनी ती धुऊन जात नाहीत, त्याला दमदार पाऊसच लागतो. आणि तसा पाऊस झाला तरी सगळ्या बिया एकाच वर्षी रुजत नाहीत, काही मातीत मागे राहतात. पहिल्या सरीला भुलून पेरणी केली आणि मग पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणी कशी अंगावर येते हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. या फुलांनी ते संकट बियांच्या सालीतच सोडवलंय, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सवारोची युक्ती मात्र एका गोष्टीवर टेकलेली आहे: रात्र गार झाली पाहिजे. २०२३ च्या उन्हाळ्यात अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात सलग ३१ दिवस पारा ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेला आणि कित्येक रात्री तो ३२ च्या खाली उतरलाच नाही. चाळीसच्या पुढचं ऊन सवारोला नवं नव्हतं. पण दिवसभर बंद दाराआड काढून रात्री उघडायचं, निवायचं, पाण्याची झीज आवरायची, ती संधीच हुकत गेली. तिथल्या वनस्पती उद्यानात उभ्या सवारोंच्या फांद्या गळून पडू लागल्या, काही झाडं मुळापासून कोसळली. त्यातल्या एकेका फांदीला नुसतं फुटायलाच अर्धं शतक लागलेलं होतं.