मऊ दगड टंबलरमध्ये लवकर चकाकतात का?

टंबलर म्हणजे दगड घासून गुळगुळीत करणारं फिरतं पिंप. 'मऊ दगड झिजायला सोपा, म्हणून अकीकाबरोबर एकाच पिंपात टाका, दोन दिवसांत आरसा होतो' असा सल्ला बरीच वर्षं फिरतो आहे. तो पटतो, कारण अर्धा खरा आहे: मऊ दगड झिजतो लवकर. पण झिजणं म्हणजे चकाकणं नव्हे.

मोह्स मापावर (खनिजांच्या कठीणपणाचं 1 ते 10 असं माप) अकीक साधारण 7, फ्लोराइट 4, कॅल्साइट 3. चकाकीसाठी ओरखडे टप्प्याटप्प्याने बारीक होत जावे लागतात. अकीक शेजारी घरंगळत असेल तर कॅल्साइटवर ते सतत नव्याने उठतात. शिवाय कॅल्साइट तीन दिशांनी सरळ फुटतो. प्रत्येक आपटीला कडेचा टवका उडतो आणि दगड साखर चिकटल्यासारखा पांढुरका दिसू लागतो.

पडताळा घरीच घेता येतो. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत मिळणाऱ्या कॅल्साइटवर लोखंडी खिळा दाबून ओढा. खोल रेघ उमटेल. अकीकावर फार तर लोखंडाचा करडा डाग राहील, तोही घासून जातो.

मऊ दगडांची फेरी वेगळीच लावा. जाड ग्रिट (घासायची दाणेदार पूड) वगळून 220 किंवा 500 पासून सुरुवात (आकडा जितका मोठा तितके दाणे बारीक), पिंप पाऊण भरलेलं, आपटी सोसायला भरपूर प्लास्टिकचे मणी, पाणी दगडांच्या जरा खाली, वेग कमी. दर 12 तासांनी उघडून पाहा. शेवटी पॉलिशसाठी अॅल्युमिनियम ऑक्साइड. त्याआधी पिंप, झाकण आणि दगडांच्या भेगा ब्रशने धुवा, कारण आधीच्या ग्रिटचे थोडे दाणे राहिले तरी पॉलिशवर रेघा पडतात.