बालदारिद्र्य

बालदारिद्र्य : पुरेसे अन्न, पिण्याचे सुरक्षित पाणी, शौचालय, निवारा, औषधोपचार व शिक्षण या मूलभूत गरजांपासून मूल वंचित असण्याची अवस्था. कुटुंबाच्या गरिबीशी तिचा निकटचा संबंध असला, तरी दोन्ही एकच नव्हेत.

संकल्पनेचा उगम बहुधा ब्रिटिश समाजसंशोधक सीबोम राउंट्री यांच्या यॉर्क (इंग्लंड) येथील १८९९ च्या पाहणीत दाखवला जातो. मजुराच्या आयुष्यात बालपण, स्वतःची मुले लहान असतानाचा काळ आणि म्हातारपण हे तीन कालखंड हलाखीचे असतात, असे त्यांनी मांडले. मात्र त्यांचा हिशोब कुटुंबाच्या मिळकतीचा होता. मुलाला प्रत्यक्ष काय मिळते, याचे अनेक देशांतील मापन ब्रिस्टल विद्यापीठातील डेव्हिड गॉर्डन व सहकाऱ्यांनी युनिसेफसाठी केले (२००३). दोन किंवा अधिक गरजांबाबत तीव्र वंचितता असलेले मूल त्यांनी निरपेक्ष दारिद्र्यात धरले. त्यामुळे आजच्या अर्थाची संकल्पना विसाव्या शतकाच्या अखेरीची व एकविसाव्याच्या आरंभीची मानणे अधिक सयुक्तिक वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या (१९८९) २७ व्या अनुच्छेदाने मुलाचा पुरेशा राहणीमानावरील हक्क मान्य केला होताच.

उत्पन्नावरून मोजताना मुलाची गरज प्रौढाच्या किती पट धरायची, हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. पहिल्या प्रौढाला १ धरल्यास आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या जुन्या मापात पुढील प्रौढाला ०.७ व मुलाला ०.५ असा भार होता. सुधारित मापात तो अनुक्रमे ०.५ व ०.३ झाला. आईवडील व चौदा वर्षांखालील तीन मुले असलेले घर पहिल्या मापाने ३.२, तर दुसऱ्याने २.४ प्रौढांइतके ठरते. म्हणजे २४,००० रुपये उत्पन्नाचा दर प्रौढामागे वाटा ७,५०० किंवा १०,००० येतो. दारिद्र्यरेषाही मापाबरोबर सरकते. तरीही जुन्या मापात लेकुरवाळी घरे अधिक गरीब दिसतात. दोन्ही मापे घरात वाटणी समान होते असे गृहीत धरतात. उरलेसुरले ताटात पडणारी मुलगी या आकड्यांत सापडत नाही. शिवाय नळ, दवाखाना वा शाळा जवळपास नसेल, तर हाती पैसा असूनही गरज भागत नाही. म्हणून वंचिततेचे थेट मापन अधिक विश्वसनीय ठरते.

गर्भधारणेपासून पहिल्या सुमारे १,००० दिवसांत कुपोषणामुळे खुंटलेली वाढ पुढे भरून येणे कठीण असते.

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत (२०१५) सर्व वयोगटांतील, मुलांसह, दारिद्र्याचे प्रमाण २०३० पर्यंत किमान निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य आहे. मोजणी मुख्यतः घरोघरच्या पाहण्यांवर चालत असल्याने रस्त्यावरची व निवासी संस्थांतील मुले तिच्यातून बहुतांशी सुटतात.